चौकट सात

विद्यापीठाला अहवाल हवाय, दहा पानांचा:
पाच आठवडे परदेशी राहून मी काय शिकले,
उद्या मुख्याध्यापिका झाले तर काय करीन.
परवान्यासाठी तीन श्रेयांक असतात त्याला.

मी लिहिलं: धुकं. ओल्या लाकडाचा धूर.
मग खोडलं.

डोंगरातल्या त्या शाळेत
मला बसवलं तिसरीच्या बाकावर,
गुडघे जवळजवळ हनुवटीला.
माझ्यापाशी होती कॉलेजातली स्पॅनिश,
कडक इस्त्रीची,
आणि बाई बोलत होत्या ते स्पॅनिश नव्हतंच.
कंजोबाल.
शब्द घशाशी येऊन अडायचे,
टक्कन फुटायचे लाही फुटावी तसे.
वर्ग हसला की मीही हसायचे,
अर्धा श्वास उशिरा.

पहिल्या तासाला मान डोलावली.
दुसऱ्या तासाला वहीच्या कडेला फुलं काढली.
तिसऱ्याला पेंग आली.
कुणी दारातून डोकावलं असतं
तर टिपून ठेवलं असतं:
लक्ष नाही. गती मंद.

आणि ते अक्षर
माझ्या ओळखीचं निघालं.

मागच्या हिवाळ्यात, नेब्रास्कात,
मांसाच्या कारखान्यावर जगणाऱ्या आमच्या गावात
एक मुलगा आला होता शाळेत. मातेओ पेद्रो.
यातलं नाव कुठलं, आडनाव कुठलं, मी विचारलं.
आईनं दोन्हींना मान हलवली.
फॉर्मवर चौकट सात: घरी बोलली जाणारी भाषा.
ग्वातेमालाची माणसं, मग विचारायचं काय त्यात?
खूण मीच केली.
दुभाषाही स्पॅनिशचाच आणला.
रात्रपाळी करून आलेली ती बाई
प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत गेली,
मनगटावर हातमोज्यांचे वळ तसेच.
पोरगा मार्चपर्यंत गप्प.
एप्रिलात मी सही केली
मंदगतीच्या कागदावर.
सही चांगली आली होती, हे आठवतं.

शेजारच्या एउलालियानं पेंगताना पकडलं मला.
पुस्तकातल्या कणसावर बोट ठेवून म्हणाली,
इशिम.
मी मक्याच्या राज्यातली.
आमच्याकडे मका क्षितिजापासून क्षितिजापर्यंत;
वडिलांनी आयुष्य मोजलं ते मक्याच्या भावात.
तिनं तीनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून.
चौथ्यांदा नाद सोडला
आणि माझ्या हातावर थोपटलं,
जमेल हं, अशा अर्थी.

मधल्या सुट्टीत बाईंनी सांगितलं, स्पॅनिशमधून,
अगदी सावकाश, मला झेपेल अशा बेतानं:
मातेओ पेद्रो म्हणजे पेद्रोचा मातेओ.
बापाचं नाव मागे लावतो आम्ही.
एवढंच.

ऑगस्टमध्ये परतले. फाइल मागितली.
कुटुंब कॅन्ससला गेलं होतं, नव्या कारखान्याच्या मागे.
फाइलही गेली होती, माझ्या सहीसकट.
तिथल्या शाळेत फोन लावला.
भाषा चुकली आहे, म्हटलं, बदला.
कारकून भली होती. तिनं यादी शोधली.
हे नाव इथे नाही हो, म्हणाली.
मग इतर निवडा.
निवडलं. पण इतरच्या पुढे लिहायला
जागाच दिलेली नाही.

अहवालात हे बसत नाही.
तिथं विचारलंय: विविधतेची जाण किती वाढली,
एक ते पाच.

काल नावनोंदणी होती.
खिडकीशी एक बाई, पाठीशी बांधलेलं बाळ.
मी लगबगीनं कागदावर कणीस काढलं, म्हटलं, इशिम?
ती बघत राहिली,
शाळेत मका विकतात की काय, अशी.
मागून तिचा दीर पुढे आला.
आम्ही कारेन, म्हणाला, बर्माकडचे.

माझे कान तापले.
पेन खाली ठेवला.
खिडकी सोडून पलीकडे गेले,
तिच्या शेजारच्या बुटक्या खुर्चीवर बसले.
चौकट सात अजून कोरी.
मागे रांग वाढत होती,
आणि बाळानं माझा चष्मा ओढला.